म्हसोबाची बाटली

आमचा म्हसोबा आधी रानात व्हता. रस्ता रुंद झाला आन् त्यो रस्त्याच्या कडंला आला. देव काय हलला न्हाई, त्याचा दगुड हाय तितंच हाय, रस्ताच त्याच्या पायाशी यून बसला. आता आखाडातल्या रविवारी पुण्याच्या गाड्या ताम्हिणीकडं निघाल्या की देवाच्या अंगावर चिखुल उडतो. पोरं-पोरी त्याच्यापुढं उभी ऱ्हाऊन फोटू काढत्यात. शेंदूर बगून येकीनं मला इचारलं, "मावशी, हा किलोमीटरचा दगड आहे का?" मी म्हणलं, "व्हय बाई, हितनं सर्ग तीन किलोमीटर." तिनं त्येचा बी फोटू काढला.

मी राजाबाई. माले गावाच्या वरच्या अंगाला आमची धनगराची वस्ती हाय. मेंढरं, शेरडं, पोटापुरतं भात. पावसाळ्यात रविवारी मी त्याच वळणावर कोळशावर मक्याची कणसं भाजते आन् शेजारी स्टोवर चहा ठेवते. तिखट जास्त लावते, मंग चहा बी खपतो. धंद्यातलं मला कुणी शिकवाया नगं.

आखाडात म्हसोबाला राखण घालायची आमची रीत. येक कोंबडं आन् येक दारूची बाटली. त्याच्या बदल्यात देवानं वरीसभर मेंढरं राखायची आन् बिबट्याला वस्तीत यू द्यायचं न्हाई. बाटली ओतायचा मान आमच्या घराचा, माझ्या सासऱ्याच्या आज्यापासनं. ओतणारा येकटाच पुढं जातो, मागं कुणी उभं ऱ्हायचं न्हाई. बाटली समदी देवाची, त्यातला थेंब माणसानं तोंडात घ्यायचा न्हाई. रिकामी झाली की त्यानं हाळी द्यायची, मंग बाकीची मंडळी कोंबडं घिऊन जात्यात.

आता आमचं मालक. नाव गेणू. पयल्यांदा मी नाव घेत नव्हते, आता घेते, ह्या वयात कुणाला भ्यायचं? ह्या माणसानं दारू अशी पिली की दारूनं कट्टाळून पळून जावं. लेकीच्या लग्नात नवरदेवाच्या आधी ह्येच घोड्यावर चढून बसलं आन् उतरंनात. समदे हसले. मी बी हसले, करता काय, पर घरी गेल्यावर चुलीपुढं बसून लई रडले. शेवटी येका दिवशी गठुडं बांधलं आन् भऱ्याला माहेरी भावाकडं निघून गेले. मालक म्हयन्यानं आलं, गळ्यात तुळशीची माळ घालून, आन् भावाच्या दारात चपला हातात घिऊन उभं ऱ्हायलं. मी म्हणलं, "ही माळ बाटली, तर मी पुन्यांदा मागं यायची न्हाई. ह्ये ध्येनात ठिऊन पाऊल उचला."

त्याला पाच वरसं झाली. पाच वरसं मी नवऱ्याच्या तोंडाचा वास न घेता झोपले. ज्या बाईनं ह्ये भोगलंय तिलाच त्येची किंमत ठावं.

माळ घातली तवा माझा चुलत दीर गोरख म्हणाला, "तात्या, आता बाटलीचा मान मला द्या. माळकऱ्याच्या हातात दारू शोभत न्हाई." मालक म्हणालं, "माळ गळ्यात हाय, हातात न्हाई." सुंभ जळला तरी पीळ जाईना. मान सोडला न्हाई तो न्हाईच.

वर आणिक थाट असा की त्याच्या पुढल्या सालापासनं देवाम्होरं रिकाम्या बाटल्या दिसायला लागल्या त्या समद्या भारीच्या. जाड काच, सोनेरी अक्षरं, लाकडी बूच. गोरख वस्तीभर सांगायचा, "तात्यानं सोताची सोडली आन् देवाला इंग्लिश लावली." लोक मालकाला हात जोडायचे. मला वाटायचं आमचा ल्योक सुनील पिरंगुटच्या कंपनीत हाय, त्योच आणून देत असंल. मी इचारलं न्हाई. बाटली ह्या इषयाचं मला वावडंच व्हतं. घरात आणायची न्हाई आन् दावायची न्हाई, येवढंच मी सांगून ठिवलं व्हतं.

तर अवंदाचा राखणीचा रविवार. वळणावर ही गर्दी. मालक सकाळी माझ्याकडनं चहा घिऊन गेलं. गोरख कोंबडं काखंत धरून माझ्या स्टोपाशी हाळीची वाट बगत उभा, संगं वस्तीवरची चार मंडळी. तेवढ्यात पोलिसाची जीप आली. रस्त्याकडंला दारू पिणाऱ्यांना धरायचा त्यांचा त्यो दिवस. जी पळापळ झाली म्हणता. येका पोरानं बियरचा डबा माझ्या कणसाच्या पाटीत खुपसला, मी कणसासकट त्याच्या हातात दिला. धरलेली चार-पाच पोरं जीपमधी बसली आन् जीप पुढं जाऊन म्हसोबापाशी थांबली.

हवालदार उतरला. वळला तवा त्याच्या येका हातात सोनेरी अक्षराची बाटली व्हती आन् दुसऱ्या हातात आमच्या मालकाचा दंड.

गोरख म्हणाला, "वैनी, तात्याला घिऊन चालले की." मी इस्तवावरची कणसं तशीच टाकली. जळून कोळसा झाली असतील. गोरखच्या टेंपोत आमी समदे चढलो, कोंबड्यासकट, आन् जीपच्या मागं नाक्यावरच्या चौकीत गेलो.

हवालदाराचं नाव दादासाहेब. म्हंजी नावातच साहेब, वर पदाचा साहेब, त्यामुळं माणूस दोनदा साहेब असल्यावानी बोलायचा. त्यानं समद्यांना बाकड्यावर बसवून पयल्यांदा भाषाण दिलं. "सार्वजनिक ठिकाणी दारू पिणं हा गुन्हा आहे. रस्ता, धरण, देऊळ, गाडीचं बॉनेट, सगळं सार्वजनिकच. नाव लिहिणार, केस होणार, कोर्टात उभं राहून दंड भरायचा. आणि जास्त शहाणपणा केला तर आत."

मालकाच्या शेजारी अमोघ नावाचं येक पोरगं बसलं व्हतं, हिंजवडीत कामाला. त्यो पार रडकुंडीला आल्याला. "सर, प्लीज, ऑफिसमध्ये कळलं तर प्रॉब्लेम होईल. फर्स्ट टाइम आहे." मंग त्याची नजर टेबलावरच्या आमच्या बाटलीवर गेली आन् त्यो रडायचं थांबला. हळूच मालकाला म्हणाला, "काका, रिस्पेक्ट. आम्ही पाच जणांत मिळून बियर, आणि तुम्ही एकटे हे?"



हवालदारानं इचारलं, "बाबा, मी स्वतः डोळ्यांनी बघितलं. बाटली तोंडाला लावली होती. पीत होता की नाही?"

मी म्हणणार व्हते की साहेब, चोर सोडून संन्याशाला धरताय, ह्यो माळकरी माणूस हाय, देवाला बाटली ओतायची आमची रीत हाय. माझं तोंड उघडायच्या आत मालक खाली बगून म्हणालं, "व्हय साहेब. पीत व्हतो. ल्ह्या माझं नाव."

चौकीतला पंखा फिरत व्हता, कोंबडं कुकारत व्हतं, आन् मला कायबी ऐकू येईना.

गोरख तोंडात मारल्यावानी बगत ऱ्हायला, पर त्यो मूळचा दिलदार गडी. म्हणाला, "आसू द्या तात्या. देवाच्या बाटलीतला घोट घेतला ह्ये वंगाळ झालं, पर जुनी सवय हाय, सुटता सुटता येकांदी राहाती. देवाला यंदा दोन कोंबडी दिऊ आन् माफी मागू." वस्तीच्या मंडळींनी माना हालवल्या. पिणाऱ्याला पिणारे समजून घेत्यात, त्यात नवल न्हाई.

आन् मालकानं, तुमाला खोटं वाटंल, मालकानं माझ्याकडं बगून डोळा मारला.

डोळा. चौकीत, चार माणसांत, माळ गळ्यात असून. मी मनात म्हणलं, चढलीया म्हाताऱ्याला. पाच वरसांची तूट येका दिवसात भरून काढली. माझ्या अंगाचा भडका उडाला.

मी हवालदाराला म्हणलं, "साहेब, ह्यांना त्ये फुकायचं मशीन लावा."

"मावशी, बाबांनी कबूल केलंय. मशीन कशाला?"

"त्यात आकडा येतो न्हवं, किती पिलं त्याचा? मला आकडा बगायचाय. मी आज भावाकडं चालले, कायमची. भाऊ इचारंल किती पिला व्हता, तर सांगाया आकडा नगं?"

मालकाचं तोंड उतरलं. "आगं, घरी चल, घरी बोलू."

"घर कुणाचं?"

"साहेब," मालक म्हणालं, "मशीन नगं. मी कबूल हाय. दंड सांगा."

ह्यावर हवालदाराला बी शंका आली. त्याच्या उभ्या नोकरीत दंड मागून घेणारा गुन्हेगार त्यानं बघितला नसंल. बाकड्यावरची समदी पोरं म्हणत व्हती मी न्हाई पिलो, आन् त्यांच्या तोंडाचा वास दारापातूर येत व्हता. हितं म्हातारा म्हणतोय पिलो पिलो, आन् मशीन म्हणलं की मागं सरकतोय.

मी गोरखला म्हणलं, "भावजी, आज सांजच्याला शेरडं तुमी बांधा. करडाला दूध पाजायचं इसरू नगा." आन् दाराकडं निघाले. मी नाटाक करत नव्हते. माझा पाय खरंच दाराभाईर व्हता, आन् डोळ्यांनी रस्ता दिसत नव्हता.

मागनं मालकाचा आवाज आला. "आणा त्ये मशीन."

मालकानं फुकलं. हवालदारानं बघितलं. मशीन झटाकलं, परत फुकायला लावलं. परत बघितलं. मंग मशीन अमोघच्या तोंडाला लावलं तर त्ये केकाटलं. मंग पुन्यांदा मालकाच्या तोंडाला लावलं.

"शून्य," हवालदार म्हणाला. "बाबा, तुम्ही काय पीत होता?"



हवालदारानं बाटली उचलली, बूच काढलं, वास घेतला. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. मंग न ऱ्हावून त्यानं येक घोट तोंडात घेतला. ड्युटीवरच्या हवालदारानं बाटली तोंडाला लावली आन् धरलेली समदी पोरं त्याच्याकडं बगत बसली.

"चहा आहे," त्यो म्हणाला. "आल्याचा."

कोंबडं सुदिक गप झालं.

गोरखनं येक पाऊल पुढं टाकलं. "तात्या, देवाला चहा?"

"व्हय."

"यंदाच का?"

"माळ घातल्याच्या दुसऱ्या सालापासनं. दर साली."

"आन् त्या भारीतल्या बाटल्या?"

"ह्या पोरांनी रस्त्यावर टाकल्याल्या. उचलायच्या, वढ्यावर धुवायच्या." मालक अमोघकडं बगून म्हणालं. अमोघनं मान खाली घातली.

मंग गोरखचा पट्टा सुटला. त्येचा दिलदारपणा दारूपुरता, चहाला त्यो लागू नव्हता. "माझी सात शेरडं नेली बिबट्यानं. सात! मी म्हणायचो, देवाला येवढी भारीतली पाजतोय, तरी देव असा का वागतोय? मला वाटायचं देवाला जास्त व्हती, झोपतोय. आन् हितं देव रातभर टक्क जागा, आन् रागावल्याला." वस्तीची मंडळी बी तापली. कुणाचं मेंढरू, कुणाचं कुत्रं, कुणाची गाभण शेळी, समद्यांचा हिशोब मालकाच्या डोक्यावर. आता मला समजलं, ह्यो माणूस दंडाला राजी का झाला. दारू पिलो म्हणलं तर लोक हसून सोडत्यात. देवाला फशिवलं म्हणलं तर वस्तीत तोंड दावायची सोय न्हाई. आन् मला त्यो घरी नेऊन गुपचूप सांगणार व्हता. त्येचा त्यो डोळा. मुडदा बशिवला त्या डोळ्याचा, असा मारतात व्हय डोळा?

माझ्या जिवावरचं वझं उतरलं व्हतं खरं. माळ शाबूत व्हती. पर राग कुटं जातो लगेच? मी म्हणलं, "खरीच बाटली ओतायची न्हवती तर मान भावजींना का न्हाई दिला? येवढं सोंग कशापायी?"

मालक बोललं त्ये माझ्याकडं न बगता बोललं.

"मान दिला असता तर समदे म्हणले असते, गेणूला बाटली हातात धरवत न्हाई."

"मंग? धरवत न्हाई का?" गोरख म्हणाला.

"न्हाई," मालक म्हणालं. "धरवत न्हाई."

मालकच पुढं बोललं. "पयल्या साली खरी नेली व्हती. बूच काढलं. वास आला. देवापुढं बसलो, बाटली मांडीत. हात ओतायला उचलंना, तोंडाकडं उचलायला लागला. मी देवाला म्हणलं, तू तरी धर माझा हात. त्यो काय धरतोय? मंग बाटली धोंड्यावर फोडली आन् तुमाला हाळी दिली. पुढल्या सालापासनं बूच काढायची छाती झाली न्हाई. चहा नेला. आज गार वारं सुटलं व्हतं, दोन घोट मी बी घेतले, तेवढ्यात जीप."

हवालदार खाली बसला. अमोघनं डोळं पुसलं, पर त्यो मघापासनं पुसतच व्हता.

मला वाटायचं माळ घातली, दारू सुटली, इषय संपला. कापडं बदलल्यावानी. हा माणूस माझ्या शेजारी बसून भाकर खातोय, शेरडं हाकतोय, आन् पाच वरसं रोज नव्यानं सोडतोय, ह्ये मला कळलंच न्हाई. आन् मी त्याला आकडा मागत व्हते. मला माझीच लाज वाटली.

गोरख जरा येळानं म्हणाला, "साखर तरी घालत व्हता का त्यात?"

"ही घालती तेवढी," मालक म्हणालं.

"मंग बिघाडलं कशात त्ये समाजलं. वैनी साखरंला हात आखडताच ठिवत्यात." आन् त्यो हसला. येक हसला की समदे हसत्यात, वस्तीचं असंच असतं. शेरडं काय परत आली न्हाईत, पर माणसाची मनं आली.

हवालदारानं मालकाचं नाव लिव्हलंच न्हवतं. म्हणाला, "बाबा, रस्त्यावर चहा प्यायला कलम नाही. जा. पण पुन्हा चहा कपातनं पीत जा." आन् पोरांकडं वळून आपला जुना आवाज काढला.

भाईर आल्यावर गोरख म्हणाला, "राखण अर्धीच ऱ्हायली. आज खरी बाटली गेलीच पायजे. मी ओततो, मान माझा."

मी म्हणलं, "मान आमच्या घराचा. आन् त्या घरात मी बी हाय."

"बाई राखण घालती व्हय कुटं?"

"इतकी वरसं माझ्याच हातचा चहा पितोय त्यो. वळखतो मला."

गोरखनंच नाक्यावरच्या दुकानातनं बाटली आणली, साधी देशी, आन् टेंपोत पुढं आपल्या पायाशी ठिवली. मालक मागं बसलं, कोंबड्याजवळ.

वळणावर आलो. पाऊस थांबला व्हता आन् गाड्या बी पांगल्या व्हत्या. मी मालकाला म्हणलं, "तुमी रस्त्याच्या पल्याड जावा. वारं तिकडनं येतंय, तिकडं वास यायचा न्हाई." त्यांनी कोंबडं काखंत घेतलं आन् रस्ता वलांडून डोंगराकडं तोंड करून उभं ऱ्हायलं.

मी देवापुढं बसले. बूच काढलं. त्यो वास मला माझ्या नावावानी पाठ हाय. देवाला सावकाश ओतायची रीत हाय, घोट घोट, असं सासूबाई सांगायच्या. मी भडाभडा ओतली. देवाला म्हणलं, तुला काय राग यायचा त्यो माझ्यावर यू दे, मला घाई हाय.

बाटली रिकामी झाली तवा हाळी द्यायची असती. मी दिली न्हाई. आधी वढ्यावर गेले. हाताला, पदराच्या टोकाला, नखांत, जितं जितं म्हणून वास ऱ्हायला असंल तितं माती घासली, धुतलं, हुंगलं, परत घासलं. गोरख लांबनं वरडत व्हता, "वैनी, झालं का?" मी घासतच ऱ्हायले. हाताला निस्ता मातीचा वास यायला लागला, तवाच मी रस्ता वलांडून मालकाकडं गेले.